वेंगुर्ल्यात १९७१ साली रॉक बँड होता का? (माळ्यावर सापडलेली गिटार)

माळ्यावरची

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याला आमच्या आजोळच्या घराची कौलं उतरवून नवीन वासे घालायचं काम चालू आहे. त्यासाठी माळा रिकामा केला, तर गोणपाटात गुंडाळलेली एक इलेक्ट्रिक गिटार निघाली. दुकानातली नाही हे मलाही कळतं. भरीव अंग, पिवळट तपकिरी लाकूड, भलतीच जड. मानेला वरच्या टोकाशी तडा गेलाय. तारांखाली एक काळी गोल डबी स्क्रूने बसवली आहे आणि तिच्यातून दोन वायरी बाहेर लोंबतात. ब्रिज, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात ती खालची पट्टी, गायब आहे, फक्त लाकडावर त्याची खूण राहिली आहे. मानेवरचे पडदे (फ्रेट, ज्यांच्याशी तार दाबून सूर काढतात) म्हणून सरळ गोल सळीचे तुकडे बसवले आहेत.

सोबत एक फोटो आहे, तो खाली जोडला आहे. चार मुलं, मागे माडाला बांधलेला लाउडस्पीकरचा भोंगा. पाठीमागे शाईने 'मे १९७१, उभादांडा' असं लिहिलंय. त्यातले उजवीकडचे माझे थोरले मामा. आता डोंबिवलीला असतात. फोन केला तर हसले, "तो सगळो पोरखेळ गो" म्हणाले आणि पाऊस किती झाला ते विचारायला लागले.

हा खरंच बँड होता का? आणि ही गिटार परत वाजती होईल का? कुणाला काही माहिती असेल तर सांगा.

देवगडचा हापूस

वेंगुर्ल्यात रॉक बँड? भजनाची डबलबारी असेल हो. भोंगा बघा ना मागे.

तबकडीवेडा

हापूस, हसू नका. त्या काळात हे लोण बरंच पसरलं होतं. तेव्हा 'बीट ग्रुप' म्हणत. सिमला सिगारेटवाल्यांची 'सिमला बीट' स्पर्धा व्हायची, देशभरातले ग्रुप त्यात उतरायचे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांमधल्या गाण्यांच्या एलपी निघाल्या, आज त्या मूळ तबकड्या मिळवायला लोक वाट्टेल ते पैसे मोजतात. पण ते सगळे शहरातले, कॉलेजातले. वेंगुर्ल्याचं काही ऐकलेलं नाही. कुणी तिथला जुना माणूस असेल तर त्याने लिहावं.

बंदरावरचा

जुना माणूस आलो.

हापूसराव, डबलबारी नव्हे. फोटोत डावीकडून दुसरा, कॉलर वर केलेला, तो मी. आणि ती गिटार मी वाजवायचो.

माळ्यावरची, तू त्या घरची भाची, म्हणजे आता तुला अहो-जाहो करणं माझ्याच्याने होणार नाही. तुझ्या आजीच्या हातची सांदणं खाल्लेला माणूस आहे मी. गिटार तुमच्या माळ्यावर राहिली, कारण आमच्या वडिलांनी ती घरात येऊ दिली नसती. ते कचेरीत कारकून, संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचायचे. मुलाने पेटी शिकावी इथपर्यंत त्यांची तयारी होती.

तुझे मामा मुंबईला गोदीत लागले होते. गावी यायचे ते बोटीने, 'कोकणसेवक' वगैरे. भाऊच्या धक्क्यावर बसायचं, रात्र बोटीवर काढायची. आमच्याकडे बोट काठाला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं-सामान पडावात उतरवायचे. मामांचा पहिला ॲम्प्लिफायर असाच उतरला. हमालाने तो दोरीने खाली सोडला, खाली पडाव लाटेवर वर-खाली होतोय, आणि मामा वरून ओरडतायत, "काच आसा रे आत, काच!" आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला होता तो. एक व्हॉल्व्ह फुटलाच. नवा यायला पुढच्या बोटीची वाट बघावी लागली.

पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे मे संपला की बँडचा मुख्य गिटारवाला मुंबईत आणि आम्ही तिघे इथे. दिवाळी, नाताळ, शिमगा आणि मे महिना, एवढ्याच वेळा आम्ही चौघे पुरे असायचो. १९७० च्या दिवाळीत सुरू झालं आणि १९७१ सरता सरता संपलं. मधला पावसाळा वजा कर, म्हणजे बँड किती चालला ते तुझं तूच ठरव.

मामांची गिटार जपानी होती, तेइस्को. आमच्या वाडीतला एकजण मालवाहू बोटीवर कामाला होता, त्याने ती कोबेहून आणली. जकात भरून परदेशी गिटार विकत घेणं आमच्या बापजन्मी शक्य नव्हतं. दुसरी कुठून आणणार? म्हणून ही बनवली. पेट्या दुरुस्त करणारा एक सुतार होता, त्याच्याकडे कापून ठेवलेली फणसाची जुनी फळी होती. त्याने मामांच्या गिटारवर कागदाची पट्टी ठेवली, प्रत्येक पडद्याची खूण पेन्सिलने केली आणि तीच पट्टी फणसाच्या मानेवर चिकटवली. पडदे म्हणजे सायकलचे स्पोक. ते तुकडे करून खाचेत बसवले आणि वरून कानस मारली. स्पोकने तारा फार लवकर झिजतात. वर खारं वारं. चार दिवस गिटार नुसती टांगून ठेवली तरी तार तांबूस व्हायची. माझी आई म्हणाली खोबरेल लाव. लावलं. गंज थांबला आणि आवाजही थांबला, तार नुसती 'ढब' वाजायला लागली.

ती काळी डबी काय आहे ते सांगतो. मामांनी चोरबाजारातून लष्करी हेडफोन आणला होता, त्याचा एक कान आहे तो. आत लोहचुंबक आणि त्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं. तोंडावरची पत्र्याची चकती काढून टाकायची आणि डबी तारांखाली बसवायची. पोलादी तार चुंबकासमोर हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. हेडफोन आवाज बाहेर काढतो, तोच उलटा वापरला की आवाज आत घेतो. डबी लहान असल्यामुळे मधल्या तारा जोरात वाजायच्या आणि कडेच्या दोन बिचाऱ्या उपाशी. म्हणून मी मधल्या तारांवर हात हलका ठेवायला शिकलो. अजून तसाच पडतो.

माळ्यावरची

काका!! मला वाटलं होतं फार तर कुणीतरी लाकूड ओळखेल. फोटोतले बाकीचे दोघे कोण? आणि तुम्ही वाजवायचात काय?

बंदरावरचा

टोकाला उभा, हातात काठ्या, तो ड्रमवाला. मुळात पखवाजी. दशावतारात वाजवायचा, जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्र रात्र बाहेर. ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडवाल्यांकडून भाड्याने आणलेला एक मोठा ढोल आणि एक साइड ड्रम. पायाने ढोल वाजवायचं पेडल लोहाराने करून दिलं, त्याची स्प्रिंग सायकलच्या सीटखालची.

माणूस लयीला असा पक्का की काय सांगू. पण पहिले काही दिवस आमचं काहीतरी बिनसत होतं. तो वाजवायचा उत्तम आणि ऐकायला यायचं भजन. कारण त्याचा सगळा जोर समेवर. या इंग्रजी वाजवण्यात जोराचा ठोका समेवर नसतो, चार मोजले तर दोन आणि चारवर असतो. हे त्याला पटेना. "समेक मारल्याशिवाय गाणा उभा कसा रवात?" शेवटी मामांनी कागदावर केरवा ताल लिहिला, धागेनाती नकधीना, आणि तिसऱ्या नि सातव्या मात्रेखाली रेघ मारली. म्हणजे पहिला 'ना' आणि पुढचा 'धी'. तिथे काठी, बाकीचं पायाने. त्याने एकदा तोंडाने म्हटलं, एकदा मांडीवर वाजवलं, आणि मग त्याला थांबवणं कठीण झालं. पुढे हा ठोका त्याने दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला घातला म्हणतात. मी स्वतः ऐकलेलं नाही, पण त्याच्याकडून अशक्य नव्हतं.

चौथा माईकवाला. तो वाजवायचा नाही, पण त्याच्याशिवाय काही वाजलंही नसतं. मामांच्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा स्पीकर नव्हता. याच्याकडे देवळात आणि लग्नात लावायचे भोंगे होते. आता भोंग्यातून माणसाचा आवाज शिवारापलीकडे जातो, पण खर्ज जात नाही. मामा खालच्या तारा छेडायचे आणि बाहेर ऐकू यायचा नुसता खरखराट. मग त्याने मोडलेल्या रेडिओग्रामचा स्पीकर काढून आंब्याच्या फळ्यांच्या खोक्यात बसवला. तो वाजला तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आपण काय वाजवतोय.

आणि वीज. संध्याकाळी गावात दिवे लागले की दाब इतका पडायचा की बल्बची तार नुसती लाल दिसायची. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अशा वेळी मंदावतो, आतला दाब पडतो आणि जरा जोराने वाजवलं की सूर फाटतो. माईकवाला कानावर हात ठेवायचा, ही त्याच्या धंद्याची नाचक्की. तिकडे अमेरिकेत सूर मुद्दाम फाडायची डबी १९६२ पासून विकत मिळत होती. आम्हाला ती सोय संध्याकाळी सातनंतर फुकट होती.

वाजवायचो काय? बहुतेक नुसती वाद्यांवरची धून. शॅडोज, व्हेंचर्स या परदेशी बँडचं. इंग्रजी गाणार कोण? मामा दोन-तीन गाणी म्हणायचे, शब्द रेडिओवरून ऐकून देवनागरीत लिहून घेतलेले. रेडिओ सिलोन नाहीतर पणजी लावायचो. गाणं एकदाच लागायचं, परत कधी लागेल याचा भरवसा नाही. म्हणून वाटणी ठरलेली होती. मामा चाल धरणार, मी खालचे सूर, आणि शब्दांसाठी वाडीतली कॉन्व्हेंटला जाणारी एक मुलगी बसवलेली. तिची फी म्हणजे लिमलेटच्या गोळ्या. तिने लिहिलेले शब्द बरोबर होते की नाही, ते तपासायला गावात कुणी नव्हतंच.

फोटो उभादांड्याच्या एका ख्रिश्चन लग्नातला आहे. खरा बँड गोव्याहून आला होता, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळं. ते जेवायला बसले की मधल्या वेळात आम्ही, असा आमचा मान. मुक्ती होऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा, पण गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेमातली वाद्यवृंदाची कामं कधीपासूनच करत होते, कागदावर लिहिलेलं बघून वाजवणारे लोक ते. आम्हाला वाटलं आता हे हसणार. ट्रम्पेटवाला ताट हातात घेऊनच आला आणि पखवाज्यासमोर उभा राहिला. एक गाणं ऐकलं, ताट खाली ठेवलं आणि त्याच्या डाव्या हातातली काठी कशी धरायची ते दाखवून गेला. बोलला काहीच नाही. माझ्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही, हेही लिहायला हवं.

नाचले का लोक? हो. वॉल्ट्सवर जास्त, आमच्यावर कमी. एक म्हातारा दशावतारी पेटीवाला कुंपणाबाहेर बसून ऐकत होता. नंतर मला म्हणाला, "सूर बरो लागता रे, पण गाणा खंय?"

तबकडीवेडा

काका, हे सोनं आहे. काही ध्वनिमुद्रण? टेप? आणि बँडचं नाव काय होतं?

बंदरावरचा

टेप रेकॉर्डर गावात कुणाकडे होता ते आठवून बघतोय, बहुतेक कुणाकडेच नाही. ध्वनिमुद्रण नाही.

नावही नाही. आम्ही ठरवत राहिलो. मामांना इंग्रजी हवं होतं, पखवाज्याला श्रीदेव अमुकतमुक प्रासादिक हवं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत 'पाश्चात्य वाद्यवादन' छापलं होतं, त्यावरच भागवलं. त्या कार्यक्रमात माझा हात एकाच वेळी माईकला आणि गिटारला लागला आणि असा झटका बसला की मी मागे बाकावर जाऊन बसलो. पोरांना वाटलं हा नाचाचा भाग. टाळ्या पडल्या.

संपलं कसं, तेही सांगून टाकतो, कारण तुझे मामा सांगणार नाहीत. १९७१ च्या नाताळात दोन कार्यक्रम ठरले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला युद्ध लागलं. मुंबईत ब्लॅकआउट, गोदीतल्या माणसांना सुट्टी कुठली मिळणार? मामा आले नाहीत. पखवाज्याला जत्रांची सुपारी होती, तो तिकडे गेला. माईकवाल्याला स्पीकर लागत होता, त्याने तो खोक्यासकट नेला. भांडण झालं नाही, वाद झाला असेल तर तो आधी मे महिन्यातच, हिंदी सिनेमाची गाणी वाजवायची की नाही यावर. लोकांची फर्माईश तीच असायची आणि पैसेही त्याचेच मिळाले असते. मामा म्हणाले, तसं वाजवायचं असेल तर बँडवाले आहेतच की. मला आजही वाटतं की मामांचं बरोबर होतं. पोटाला लागलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, हा भाग निराळा.

पोरखेळ म्हणून हसतात ते एवढ्यासाठी की नंतर तेइस्को त्यांनी विकली. बहिणीच्या लग्नाला पैसे कमी पडत होते. ती बहीण म्हणजे तुझी आई असावी. विचार घरी.

माळ्यावरची

विचारलं. आईला माहीतच नव्हतं. आता ती मामांना फोन करून बसली आहे, पाऊण तास झाला.

खुंटी आणि तार

मी मिरजेचा. आमच्या घरात तंबोरे-सतारी होतात, अधूनमधून गिटारीही दुरुस्तीला येतात. दोन शब्द कामाचे.

फणसाचं लाकूड बघून आश्चर्य वाटलं नाही. आम्ही सतारीला तून वापरतो, पण दक्षिणेत वीणा आणि मृदंग फणसाचेच. वाळवी सहसा लागत नाही, म्हणून तर माळ्यावर टिकली. मानेचा तडा फेविकॉल ओतून बुजवू नका. आधी ब्रशने धूळ काढा, मग पातळ गरम सरस आत जिरू द्या आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून दोन दिवस हात लावू नका. पुढे कधी चुकलंच तर सरस गरम ओला शेक देऊन सोडवता येतो.

एक माप मला हवंय. मानेच्या वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत किती आणि तिथून ब्रिजच्या खुणेपर्यंत किती? पडद्यांच्या जागा काढायला जुने कारागीर तारेच्या उरलेल्या लांबीला १८ ने भागत जायचे. खरा आकडा १७.८१७ आहे. १८ धरला तर ६४८ मिलिमीटरच्या तारेला बारावा पडदा दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे येतो आणि सगळं बेसूर. तुमच्या सुताराने नक्कल केली म्हणता, बघू किती नीट केली.

माळ्यावरची

टेप लावून मोजलं. वरून बाराव्यापर्यंत ३२४. तिथून ब्रिजच्या खुणेच्या मधोमध ३२६. म्हणजे चुकलं का?

खुंटी आणि तार

चुकलं? अहो, याला म्हणतात कान. तार पडद्यावर दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. तो उतरवायला ब्रिज जरा मागे सरकवावा लागतो. कागदाच्या पट्टीवर पडदे येतात, हे दोन मिलिमीटर येत नाहीत. कुणीतरी ब्रिज सरकवत, ऐकत ऐकत बसवलाय. काका, कोण ते?

बंदरावरचा

पखवाजी. सुतार म्हणत होता बरोबर मध्यावर आलंय, आता हलवू नका. हा म्हणाला, वरचा सूर पेटीला लागत नाही. दोघांचं जुंपलं. पेटी सुताराच्याच दुकानात दुरुस्तीला आलेली, तिचा भाता माझ्याकडे दिला आणि ब्रिज खाली ठोकून-ठोकून सरकवत बसले. माझा हात भरून आला. लाकडावर हातोडीचे चार-पाच खड्डे असतील बघ, ब्रिजच्या मागच्या बाजूला.

माळ्यावरची

आहेत!

देवगडचा हापूस

डबलबारीवाला शेरा मागे घेतो. आता तारा कुठल्या लावायच्या ते सांगा, हिला राहवत नसणार.

खुंटी आणि तार

बारीक तारांचा संच घ्या, पहिली तार ०.००९ इंचाची असते तो. नेहमीच्या सुरात सहा तारांचा ओढा मिळून साधारण ३८ किलो होतो. सांधलेल्या मानेला एवढा नको. सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली लावा, म्हणजे तो ३० किलोच्या आसपास येईल. नवा ब्रिज मी शिसवीचा करून पाठवतो, खुणेचं माप कळवा. हेडफोनच्या डबीला मल्टिमीटर लावून बघा. हजाराच्या आसपास ओहम दाखवला तर वेटोळं जिवंत आहे. काहीच दाखवलं नाही तर उघडू नका, केसापेक्षा बारीक तार असते, तशीच माझ्याकडे पाठवा. आणि वीज जोडाल तेव्हा तीन पिनांचा, अर्थिंग असलेला ॲम्प्लिफायर. काकांसारखा नाच नको.

बंदरावरचा

मोबाइलवरचं ते सूर लावायचं यंत्र वापरू नकोस, तुमच्या घरात आजोबांची पेटी असेल ती काढ. आम्ही जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत पेटीच्या पट्ट्यांवर असं लावायचो: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत तीन. मिरजकर म्हणतात तसा सूर खाली घ्यायचा तर पांढरी दोन, पाच, एक, चार, सहा, दोन. काळ्या पट्टीची भानगड दोन्हींत नाही. चौथी पांढरी तुमच्या पेटीत अडकायची, बोटाने जरा उचलून सोड.

माळ्यावरची

पेटी आत्याकडे सावंतवाडीला आहे. रविवारी आणते. डबीने ९८० दाखवलं.